दुसऱ्या खोऱ्याचे पाणी : मेंदूचा बायपास आणि त्यानंतरची औषधे

ऐन मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांची पात्रे कोरडी पडलेली असतात. रोहे तालुक्यात कोलाडच्या आसपास कुंडलिका मात्र वाहताना दिसते. हे पाणी तिचे स्वतःचे नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे ते आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. त्या धरणाचे पाणी डोंगर उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात आणले जाते. १९२७ पासून ते तेथे जनित्रे फिरवते, मग कुंडलिकेत सोडले जाते आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोह्याच्या शेतीला मिळते. एरवी हेच पाणी मुळा, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला गेले असते. एका खोऱ्याचे पाणी नवी वाट काढून दुसऱ्या खोऱ्याला दिले, असा हा प्रकार आहे.

मेंदूची बायपास शस्त्रक्रिया अशीच असते. हृदयाचा बायपास सर्वांनी ऐकलेला आहे, मेंदूचा फारसा नाही. कानाच्या अगदी पुढे, गालाच्या हाडाच्या वर हलकेच बोट ठेवले तर एक नाडी उडताना लागते. (वर्गात हे करून पाहावे. काही मुलांना लगेच सापडते, बाकीच्यांना जरा शोधावी लागते.) ही कानशिलावरची धमनी. तिचे काम डोक्याच्या कातडीला रक्त पुरवण्याचे. कवटीच्या आत तिला काही काम नाही. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी गळ्यात किंवा कवटीच्या तळाशी बंद झाली असेल, तर शल्यचिकित्सक कवटीला एक लहानशी खिडकी पाडतात, कानशिलावरच्या धमनीचे टोक आत घेतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका धमनीला ते जोडून देतात. कातडीच्या खोऱ्यातले रक्त मेंदूच्या खोऱ्यात येते. कातडीला रक्त पोचायच्या वाटा पुष्कळ असल्यामुळे तिचे विशेष बिघडत नाही.

जोडायच्या या धमन्या जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंद असतात. शिवायचा दोरा आपल्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर श्वास रोखून एक रेघ ओढतात, ते पाहिलेल्यांना या कामाची थोडी कल्पना येईल. फरक एवढाच की येथे रेघ चुकली तर पुसून पुन्हा काढता येत नाही.

हे कौशल्य कसे घडले याचा इतिहास रंजक आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी लिहिला गेला आहे. आपण तो झटपट उरकू. फ्रान्समधल्या लिआँ शहरात आलेक्सी कारेल या तरुण डॉक्टराने १९०२ मध्ये रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. बारीक टाका घालायला तो तेथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकला होता. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये मिलर फिशर या डॉक्टरांनी गळ्यातल्या बंद धमन्यांमुळे पक्षाघात कसा होतो हे दाखवले, आणि कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडणे पुढेमागे शक्य व्हावे असे लिहून ठेवले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन येथे १९६० मध्ये ज्यूलियस जेकबसन यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक लावून अगदी बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखवल्या. तेथेच डोनागी यांच्या प्रयोगशाळेत मूळचे तुर्कस्तानचे गाझी याशारगिल काही महिने कुत्र्यांवर सराव करत राहिले. झुरिचला परतल्यावर ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी माणसाच्या मेंदूचा असा पहिला बायपास केला, आणि दुसऱ्याच दिवशी बर्लिंग्टनमध्ये डोनागींनी केला.

येथपर्यंतची गोष्ट हातांची आहे. पुढची गोष्ट औषधांची आहे, ती फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या मते खरा पेच तिच्यातच आहे. जोड जमला, रक्त वाहू लागले. मग? पहिला धोका असा की ते थांबेल. दुसरा असा की ते फार वाहील. दोन्ही धोके टाळण्याची औषधे आहेत, आणि ती एकमेकांच्या वाटेत येतात.

रक्त थांबण्याचा धोका आधी कळला होता. टाका घातलेल्या जागी धमनीचे आतले अस्तर दुखावलेले असते. तेथे रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तबिंबिका, चिकटू लागतात आणि गुठळी होते. मिलिमीटरभराची वाट बुजायला मोठी गुठळी लागत नाही. १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे शोधलेले हेपारिन १९३० नंतरच्या दशकात टोरांटोत शुद्ध स्वरूपात तयार होऊ लागले, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेला बळ आले. पण हेपारिन सुईने द्यावे लागते आणि रक्तस्रावाचे भय मोठे असते. घरी घेण्याजोगी गोळी सापडली ती भलत्याच वाटेने.

कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे डॉक्टर टॉन्सिल काढत. दुखू नये म्हणून ते रुग्णांना ॲस्पिरिन घातलेला चघळायचा गोंद देत. काही रुग्णांच्या जखमा नको तितक्या वाहू लागल्या. चौकशी केली तेव्हा त्यांनी गोंद भरपूर चघळलेला निघाला. दुसरा कोणी असता तर गोंद बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हन यांनी उलट विचार केला: जे औषध रक्त गोठू देत नाही, ते हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघातही टाळील काय? १९५० पासून त्यांनी आपले अनुभव लहानशा नियतकालिकांत छापले. त्यांच्या पाहणीत ॲस्पिरिन न घेणाऱ्यांचा गट नव्हता, म्हणून कोणी फार लक्ष दिले नाही, आणि ते न देणे शास्त्रीय दृष्टीने अगदीच चूक होते असे म्हणता येणार नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेले. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनचे रासायनिक कार्य उलगडले, आणि १९७८ मध्ये कॅनडातल्या ५८५ रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनने पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण घटल्याचे दिसले. या चाचणीचे प्रमुख हेन्री बार्नेट. हे नाव लक्षात ठेवावे.

याच बार्नेट यांनी १९७७ मध्ये मेंदूच्या बायपासचीही परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तोपर्यंत ही शस्त्रक्रिया जगभर होऊ लागली होती आणि शल्यचिकित्सक तिच्यावर खूष होते. १३७७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. सर्वांना ॲस्पिरिन आणि रक्तदाबावरचे उपचार. त्यांतल्या ६६३ जणांना शिवाय बायपास. १९८५ च्या नोव्हेंबरात निकाल छापून आला. शंभरातले ९६ जोड उत्तम वाहत होते. तरीही बायपास झालेल्यांत पक्षाघात कमी झाले नव्हते. उलट ते थोडे जास्त आणि लवकर झाले होते. पाणी पोचले होते, पीक आले नव्हते! वाद पुष्कळ झाले, रुग्ण कसे निवडले यावर टीका झाली, पण बहुतेक देशांत ही शस्त्रक्रिया एकदम मागे पडली.

जपानमध्ये मात्र ती टिकली, कारण तेथे एक वेगळा आजार होता. सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाच्या सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्याला मोयामोया असे नाव दिले. या आजारात मेंदूच्या तळाच्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत बंद पडतात आणि त्यांच्याभोवती बारीक केशिकांसारख्या वाहिन्यांचे जाळे फुटते. क्ष-किरण चित्रात ते सिगारेटच्या धुराच्या झोतासारखे धूसर दिसते. जपानीत त्या धूसरपणाला मोयामोया म्हणतात. आजार भारतातही आढळतो, आणि शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा असे आम्हाला वाटते. हे मूल खूप रडले, फुगा फुगवू लागले, बासरी वाजवू लागले किंवा गरम पदार्थावर जोरजोराने फुंकर घालू लागले, की त्याचा एखादा हात काही मिनिटे लुळा पडतो, बोबडी वळते, आणि मग सगळे पूर्ववत होते. जोराच्या श्वासोच्छ्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या धमन्या आकसतात, आणि आधीच तुटपुंजा असलेला पुरवठा तुटतो. असे मूल ‘नाटक करते’ म्हणून सुटण्याची शक्यता मोठी असते.

अशा रुग्णांना बायपासचा उपयोग होतो. आणि त्यांच्यातच दुसरा धोका, फार वाहण्याचा, स्पष्ट दिसला. तो समजून घ्यायला आपण रोह्याहून पेणकडे, खाडीकाठी जाऊ.

पेण तालुक्यात समुद्राच्या पाण्यापासून भातशेती वाचवण्यासाठी खारबंदिस्ती घातलेली असते. बंधाऱ्यात ठिकठिकाणी उघाड्या असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप मिटते. ओहोटी लागली की उघडते आणि आतले पावसाचे पाणी बाहेर पडते. झडप गंजून उघडीच अडकली, तर साध्या भरतीचे पाणीही शेतात शिरते. उधाण यावे लागत नाही.

मेंदूतल्या सूक्ष्म धमन्यांना अशाच झडपा असतात असे समजा. त्यांच्या भिंतीत स्नायू आहेत. रक्तदाब वाढला की त्या आकसतात, उतरला की सैलावतात, आणि मेंदूला मिळणारे रक्त जवळजवळ तेवढेच राहते. कोपनहेगनच्या नील्स लासेन यांनी १९५९ मध्ये दाखवले की सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपासून सुमारे १५० पर्यंत बदलला तरी निरोगी मेंदूचा पुरवठा स्थिर असतो. पण वर्षानुवर्षे उपाशी राहिलेल्या भागातल्या धमन्या मिळेल ते रक्त घ्यायला सताड उघड्या राहिलेल्या असतात. आकसण्याची त्यांची सवयच मोडते. अशा भागात बायपासने एकाएकी रक्त आले, तर इतरांच्या दृष्टीने साधा असणारा रक्तदाबही त्यांना पुरासारखा होतो. वाहिन्यांच्या भिंती झिरपतात, मेंदू सुजतो, रुग्णाला डोकेदुखी होते, बोलता येईनासे होते, हात जड पडतो, कधी झटके येतात. काही वेळा रक्तस्राव होतो.

आता खरी अडचण पाहा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाचे बोलणे अडखळू लागले. कारण काय? जोडात गुठळी होऊन रक्त कमी पडले असेल, तरीही हेच दिसते. रक्त जास्त झाले असेल, तरीही हेच दिसते. पहिल्यात रक्तदाब चांगला राखायचा, शिरेतून द्रव द्यायचा. दुसऱ्यात रक्तदाब उतरवायचा. उपचार नेमके उलटे, आणि खाटेजवळ उभे राहून नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. सेंदाईचे मिकी फुजिमुरा आणि त्यांचे सहकारी यांनी २००० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लगेच प्रत्येक रुग्णाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची शिस्त लावली, तेव्हा कळले की अतिप्रवाह हा अपवाद नाही. प्रौढ रुग्णांत तो मुलांपेक्षा जास्त दिसतो. त्यांनी वरचा रक्तदाब १३० च्या आत ठेवायला सुरुवात केली. पण मोयामोयात दुसऱ्या बाजूच्या धमन्याही अरुंद असतात. रक्तदाब फार उतरवला तर एक बाजू वाचते आणि दुसरी उपाशी पडते.

रक्तदाब उतरवणारे औषध मुळात हाती कसे आले, याचा एक धागा मुंबईत आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयविकारविषयक नियतकालिकात तो अनुभव छापला. त्याआधी १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी या मुळीबद्दल लिहिले होते, पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या लेखाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिझर्पिन वेगळे काढले गेले; १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. रिझर्पिन मन उदास करते म्हणून पुढे मागे पडले, आणि आज अतिदक्षता विभागात निकार्डिपिन किंवा लॅबेटॅलॉलसारखी मिनिटागणिक कमी-जास्त करता येणारी औषधे वापरतात.

दुसरा धागा तर रायगडातलाच. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहत होते. विषाने शरीरातल्या उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. विष उतरवण्याच्या मागे न लागता हा पुढचा उपद्रवच अडवावा, या विचाराने त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निष्कर्ष छापले. विंचवाचा आणि मेंदूच्या बायपासचा तसा संबंध नाही. पण मूळ घटना होऊन गेली आहे आणि पुढचा अनर्थ औषधाने थोपवायचा आहे, ही विचाराची दिशा एकच आहे. सेंदाईत तेच घडले.

तेथल्या डॉक्टरांनी प्रश्न असा घातला: रक्तदाब एका मर्यादेखाली नेता येत नसेल, तर वाहिन्यांची भिंतच झिरपू नये असे काही करता येईल का? रक्त एकाएकी वाढले की भिंतीला आधार देणारी जाळी कुरतडणारी काही विकरे सक्रिय होतात. त्या विकरांना आवर घालणारे एक औषध दुकानात आधीपासून होते: मिनोसायक्लिन, तरुणांच्या मुरुमांवर दिले जाणारे जुने प्रतिजैविक. जंतू मारण्याच्या गुणाशी येथे कर्तव्य नव्हते. रक्तदाबावरच्या नियंत्रणाला मिनोसायक्लिनची जोड दिलेल्या रुग्णांत अतिप्रवाहामुळे येणारी बधिरता, लुळेपणा किंवा बोलण्यातले दोष आढळले नाहीत, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. जपानमध्येच पक्षाघातावर वापरल्या जाणाऱ्या एडाराव्होन या औषधाबद्दलही २०१६ मध्ये असाच आशादायक अहवाल आला. दोन्ही ठिकाणी तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती, चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांशी नव्हती. क्रेव्हन यांना जो आक्षेप लागू होता तो येथेही काही अंशी लागू होतो. विद्यार्थ्यांशी चर्चा करायला हे उदाहरण फार चांगले आहे: औषधाचा परिणाम कोणता, आणि मधल्या काळात डॉक्टरांचा हात बसला, देखरेख सुधारली, त्याचा परिणाम कोणता?

मुलांच्या बाबतीत उपद्रव टाळणारे एक औषध तर अगदी साधे आहे: वेदनाशामक. शस्त्रक्रियेनंतर मूल दुखण्याने रडले की श्वास जोरात चालतो आणि धमन्या आकसतात, हे वर आलेच आहे. म्हणून या मुलांना दुखू न देणे आणि पाणी कमी पडू न देणे ही नुसती माया नसते, ती पक्षाघाताविरुद्धची खबरदारी असते.

इकडे, गळ्यातली धमनी बंद पडलेल्या नेहमीच्या रुग्णांचे काय? १९८५ च्या निकालाला कंटाळून काहींनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी मेंदूचा कोणता भाग खरोखर उपाशी आहे हे पॉझिट्रॉन चित्रणाने पाहून नेमके रुग्ण निवडले. १९५ रुग्णांची ही अमेरिकी चाचणी २०१० मध्ये मध्येच थांबवावी लागली. दोन वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण बायपास गटात शेकडा २१ आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत शेकडा २२.७, पण पहिल्या तीस दिवसांत बायपास गटात शेकडा १४.४, औषधगटात अवघे २. औषधगटात शेकडा ४० जणांना पक्षाघात होईल असे योजनेत गृहीत धरले होते. मधल्या वर्षांत रक्तदाबाचे आणि कोलेस्टेरॉलचे उपचार इतके सुधारले होते की गृहीतच मोडले. २०२३ मध्ये चीनच्या ३२४ रुग्णांच्या चाचणीतही निर्विवाद फरक दिसला नाही. मोयामोयाचे चित्र वेगळे आहे: मेंदूत एकदा रक्तस्राव झालेल्या ८० प्रौढांच्या जपानी चाचणीत (२०१४) पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण बायपास न केलेल्यांत वर्षाला शेकडा ७.६ आणि केलेल्यांत २.७ होते.

पेण किंवा रोह्याच्या एखाद्या रुग्णावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली, तर अतिप्रवाहाचा काळ तो बहुधा रुग्णालयातच काढतो. तो पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांचा असतो. गुठळीचा धोका मात्र त्याच्याबरोबर गाडीने घरी येतो. घरी आणलेल्या कागदावर साधारणपणे ॲस्पिरिन आणि गरजेप्रमाणे रक्तदाबाची गोळी असते. दोन्ही गावातल्या औषधाच्या दुकानात मिळतात, आणि बरे वाटू लागले की ज्या गोळ्या सगळ्यांत आधी सुटतात त्यांत या दोन्ही असतात. कानाच्या पुढची ती नाडी आता कवटीच्या आत वळलेली असते. चष्म्याची घट्ट काडी किंवा आवळून बांधलेला रुमाल तिच्यावर दाबू नये असे रुग्णाला सांगतात. दात काढायची वेळ आली की रक्त थांबणार नाही या भीतीने ॲस्पिरिन बंद करण्याचा विषय निघतो. भीती खोटी नाही, क्रेव्हन यांच्या टॉन्सिलच्या रुग्णांना तेच झाले होते. पण दाताच्या जागेवर कापूस दाबून धरता येतो, कवटीतल्या जोडावर काही करता येत नाही. म्हणून गोळी बंद करण्याआधी ज्यांनी जोड घातला त्यांना विचारतात.